आपलाच माणूस आहे!

"सर, तो तुमचाच विद्यार्थी ना? मग काय भ्यायचं!"

2024 च्या दिवाळीआधी साखऱ्यातला आमचा एक शेजारी मला असं विचारून गेला. मी ओट्यावर बसलो होतो. "चांगला पोरगा आहे," म्हणालो. माझी चूक तिथंच झाली.

तो पोरगा टेम्पो आणि काटा घेऊन दारात आला. मोंढ्यावर सोयाबीन 4,200 ने चालू होतं, याने 4,300 सांगितले. माल भरला 18 क्विंटल, पैसे झाले 77,400. दहा हजार हातावर टेकवले, बाकीचे आठ दिवसांत देतो म्हणाला. हिशोब वहीच्या फाटक्या पानावर. ना सही, ना शिक्का, ना परवाना. पुढची दिवाळीही गेली. 67,400 रुपये यायचेच आहेत आणि फोन बंद आहे.

आता शाळेतलं गणित करू. क्विंटलमागे शंभर जास्त, म्हणजे फायदा 1,800 चा. त्यासाठी पणाला लावले 67,400!

पुण्या-मुंबईचे आमचे भाचे-पुतणे म्हणतील, "लोभ नडला." बाळांनो, थांबा. त्या वर्षी हमीभाव 4,892 होता. पण तो मिळायला आधी नोंदणी करा, मग मेसेजची वाट बघा, ओलावा 12 टक्क्यांच्या आत आणा, आणि एवढं करून पैसे नंतर. सेनगावला किंवा हिंगोलीला न्यायचं तर गाडीभाडं, हमाली आणि मोडलेला दिवस. इकडे मळणीवाला दारात उभा, हरभऱ्याचं बी आणायचंय. अशा वेळी जो दारात येऊन रोख टेकवतो, तो देव वाटतो. याला लोभ म्हणत नाहीत, नड म्हणतात.

काही मित्र म्हणतात, बाजार समित्या हव्यातच कशाला? खुला व्यापार करा. तोही करून पाहिला. 2020 च्या केंद्राच्या कायद्याने बाजार आवाराबाहेर पॅन कार्डवर कोणालाही खरेदीची मुभा दिली. पैसे त्याच दिवशी किंवा फार तर तीन कामाच्या दिवसांत द्यायचे. धुळे जिल्ह्यातल्या एका मका उत्पादकाचं उदाहरण पंतप्रधानांनी 29 नोव्हेंबर 2020 च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं. सौदा 3 लाख 32 हजारांचा, हातात आले 25 हजार, बाकी चार महिने अडकले. प्रांताकडे तक्रार केल्यावर मिळाले. चांगलंच झालं. पण माझ्या मते त्यातून उलटच सिद्ध होतं: खुल्या व्यापारातही पैसे सुटले ते सरकारी दार ठोठावल्यावरच. तो कायदा 2021 मध्ये रद्द झाला, ते दार बंद झालं. टेम्पो मात्र येतच आहेत.

आपल्याकडे 1963 चा पणन कायदा आहे. त्यानुसार बाजार क्षेत्रात खरेदीला परवाना लागतो. परवानेवाला कधीच बुडवत नाही असं मी म्हणत नाही. पण त्याचं नाव-गाव समितीच्या दप्तरी असतं, तक्रारीला जागा असते. बिनपरवान्याच्या माणसामागे कुठे जायचं? पोलिसांत जावं तर बहुधा ऐकायला मिळतं, "हा दिवाणी मामला आहे."

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे. परवानेवाल्यांची यादी दर हंगामात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे. समितीच्या माणसांनी आवारातच न बसता गावोगाव फिरून टेम्पो अडवून परवाना विचारला पाहिजे. आणि आपणही वजन, भाव, तारीख, परवाना क्रमांक असलेली सहीची पावती घेतल्याशिवाय पोतं उचलू देऊ नये. पैसे टेम्पो हलायच्या आधी. चेक दिला आणि वटला नाही, तर बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांत नोटीस पाठवायची, "देईल हो" म्हणत बसायचं नाही.

पावती मागितली की समोरचा म्हणतो, "काय काका, विश्वास नाही का?" त्याला सांगा, विश्वास आहे म्हणूनच लिहून दे. आपला माणूस असेल तर सही करायला त्याचा हात का थरथरावा?

असो. शेजारी मला एका शब्दाने बोलला नाही. अजूनही "सर" म्हणतो. तेच जास्त लागतं. आता कोणी विद्यार्थ्याबद्दल विचारलं तर मी एकच सांगतो, "आधी परवाना बघ."

तुमच्या गावी काय पद्धत आहे, जरूर लिहा.