टोकन यंत्राचे, अपात्र शेतकरी



२०१७ ची तूर आठवते? खरेदी केंद्राचे टोकन खिशात आणि तूर घरात पडून. ते टोकन निदान आपल्या हातात तरी होते. हल्ली आपल्यापायी जी टोकने फिरतात, ती आपल्याला दिसतसुद्धा नाहीत.

आपली माहिती एका कचेरीत नाही. सातबारा महसूल खात्याकडे, आधार प्राधिकरणाकडे. आधार कोणत्या बँकखात्याला जोडले आहे, ही नोंद नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे. तिची कचेरी मुंबई उपनगरात, वांद्रे-कुर्ला संकुलात. बँकेतले साहेब "मॅपिंग नाही" म्हणतात, ते हेच. अनुदानाची यादी करायची तर एका संगणकाला दुसऱ्याकडे विचारत जावे लागते.

त्याची इंजिनिअर लोकांची नेहमीची रीत अशी. विचारणारा संगणक आधी आपली ओळख पटवतो. समोरचा त्याला टोकन देतो. पुढच्या प्रत्येक प्रश्नासोबत ते दाखवायचे. हे टोकन बेअरर चेकसारखे. २०१२ च्या नियमावलीत त्याचे नावही 'बेअरर'च आहे. ज्याच्या हाती, त्याला दार उघडे. म्हणून मुदत थोडी ठेवतात, पुष्कळदा तासाभराचीच. इथवर सगळे शहाणपणाचे.

आता हजारो नावांची यादी चालू आहे आणि मध्येच मुदत संपली. समोरून उत्तर येते ४०१, म्हणजे तुझी ओळख पटत नाही. नोंदच नसेल तर उत्तर वेगळे, ४०४. पहिल्या उत्तरात शेतकऱ्याचा काडीचा संबंध नाही. नवे टोकन घ्यायचे आणि अडलेल्या नावापासून पुढे जायचे, एवढेच काम. पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने आळस केला, उत्तर आले नाही म्हणजे नोंद नाही असे धरले, की पुढची सगळी नावे अपात्र! कृषी महाविद्यालयात आम्हाला शिकवले होते, उगवण झाली नाही तर आधी बियाणे तपासा, मग जमिनीची ओल. शेतकऱ्याच्या नशिबाचा धडा अभ्यासक्रमात नव्हता.

२०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालायला 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी आली. कृषी खात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागू लागला. ही विचारपूस वाढतच जाणार.

तंत्रज्ञानाला आमचा विरोध नाही. मागणी साधी आहे. नाव कापले तर कोणत्या संगणकाला, किती वाजता विचारले आणि काय उत्तर आले, ते लिहून द्या. ४०१ असेल तर पुन्हा विचारा. निर्णयाची कारणे बाधित माणसाला सांगणे माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ ने सरकारी कचेरीवर बंधनकारकच आहे.

'नोंद आढळत नाही' असा शेरा ज्यांना मिळाला, त्यांनी त्याची तारखेसह प्रत आणि सातबारा घेऊन जिल्हा बैठकीला यावे. एकाच दिवशी किती नावे गेली, आणि ती यादीत लागोपाठची आहेत का, हे समोरासमोर मांडून पाहू.