सहा महिन्यांत डॉक्टर?

चौथ्या सेमिस्टरची परीक्षा आटोपली आणि मी मामाच्या गावी गेले. गाव गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात. तेंदूपत्त्याचा हंगाम नुकताच संपला होता, त्यामुळे घरात चार पैसे आलेले. चहा व्हायच्या आतच मामाने एक रंगीत पत्रक माझ्या हातात ठेवलं.

"तू कॉन्व्हेंटची पोरगी. वाचून सांग, का लिवलं हाये यात."

पत्रकात हर्बल मेडिसिनचा डिप्लोमा होता. मुदत सहा महिने, फी पस्तीस हजार, पात्रता फक्त बारावी पास. वर मोठ्या अक्षरांत 'स्वतःचं क्लिनिक उघडा, नावापुढे डॉक्टर लावा!' माझी मामेबहीण बारावी सायन्स झालेली, पण 'नीट'मध्ये मार्क कमी पडले. म्हणून मामाने सीट बुकिंगचे पाच हजार भरूनही टाकले होते. मागच्या बाजूला अगदी तळाशी, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. या प्रमाणपत्राने वैद्यकीय व्यवसाय करण्याचा कोणताही हक्क मिळत नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी ती दोनदा वाचली आणि मराठीत सांगितली.

मामा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मंग हे पैसे कायचे घेते?"

मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. माझ्या बारा वर्षांच्या इंग्रजी शिक्षणाचा घरच्यांना झालेला पहिला खरा उपयोग म्हणजे ही एक ओळ!

होस्टेलवर हा किस्सा सांगितला तर लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, झाडपाला म्हणजे सगळं थोतांड. दुसरी म्हणे, नॅचरल आहे ना, मग साइड इफेक्ट कसला? मला वाटतं, दोन्ही पार्ट्यांनी झाड पाहिलेलंच नाही. बिबा नॅचरलच आहे, पण त्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात. आणि थोतांड म्हणणाऱ्यांनी सर्पगंधेची गोष्ट वाचावी. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्या छापल्या. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि ते जगभर वापरलं गेलं. त्याच रिसर्पिनने काही रुग्णांना नैराश्यही आलं. म्हणजे वनस्पतीत ताकद असते आणि जिथे ताकद असते तिथे धोकाही असतो. आपल्या इलेक्ट्रिकल लॅबमध्येही हाच नियम आहे की!

म्हणूनच कोर्स निवडताना पहिला प्रश्न हवा की हे शिकून मला कायद्याने काय करता येईल? पेशंट तपासायचे असतील तर रस्ता एकच. 'नीट' द्यायची, बी.ए.एम.एस. करायचं. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, आणि मग नोंदणी. महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यक व्यवसायी कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करणं गुन्हा आहे. केरळच्या पारंपरिक वैद्यांनी सूट मागितली, तेव्हा २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही नाहीच म्हटलं. औषध बनवण्यात रस असेल तर बी.फार्म. आहे, त्यात फार्माकोग्नॉसी हा विषयच वनौषधींचा. आणि लागवड, वाळवण, साठवण शिकवणारा छोटा कोर्स असेल, तर तोही वाईट नाही, फक्त त्याने तसं सरळ सांगावं. मामाच्या तालुक्यातल्याच मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अशा गावांना हिरडा-बेहडा कच्चा न विकता नीट वाळवून, निवडून विकणारी शिकलेली मुलं हवीच आहेत.

दुसरा प्रश्न मला सुचला नसता, तो आजीने विचारला. माझी आजी गावात औषध देते. तिच्याकडे कुठलंही सर्टिफिकेट नाही. पत्रकाबद्दल ऐकून ती हसली. "सहा महिन्यात? अवं, झाड पानानं ओळखाचं, फुलानं ओळखाचं, अन् पानं झडल्यावर खोडानंबी ओळखाचं. सहा महिन्यात एक साल तरी पुरा होते का? मी सासूच्या मागं बारा साल जंगलात फिरली."

मग मी विचारलं, साप चावलेला आला तर काय करतेस? "दवाखान्यात धाडतो. मले जे येत नाही ते मी करत नाही."

कायद्याच्या दृष्टीने आजी डॉक्टर नाही, आणि मला कायदा बरोबरच वाटतो. उद्या चुकलं तर जबाबदार कोण, हे ठरलेलं असायलाच हवं. पण आपल्याला काय येत नाही हे आजीला ठाऊक आहे, आणि त्या पत्रकाला ठाऊक नाही. जो कोर्स वर्षभरात एकदाही जंगलात नेत नाही आणि कुठे थांबायचं ते शिकवत नाही, त्यात पैसे घालू नयेत, मग प्रमाणपत्र कितीही चकचकीत असो.

आता थोडं स्वतःबद्दल. शाळेत मी डॅफोडिलवरची कविता पाठ केली होती. डॅफोडिल मी आजवर पाहिलेलं नाही, आणि अंगणात वाळत घातलेला हिरडा कुठला नि बेहडा कुठला हे मला वीस वर्षं सांगता येत नव्हतं. गडचिरोलीतल्या बायकांचं झाडांशी असलेलं नातं सांगणारं डॉ. राणी बंग यांचं 'गोईण' हे मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं पहिलं मराठी पुस्तक. वाचताना आनंद झाला, तशी थोडी लाजही वाटली.

मामाचे पाच हजार परत मिळाले नाहीत. दोनदा फोन केला, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत.' उरलेले तीस हजार मात्र वाचले. बहिणीने गडचिरोलीला बी.एस्सी.ला बॉटनी घेतलं आहे आणि 'नीट' पुन्हा देणार आहे. जमेल की नाही, माहीत नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघींनी आजीसोबत बसून एक वही सुरू केली. आजी नाव सांगते, बहीण शास्त्रीय नाव शोधते, मी चित्र काढते. इंजिनीअरिंग ड्रॉइंगचा असाही उपयोग! आतापर्यंत एकतीस झाडं झाली.

आपल्या होस्टेलवर निम्म्याहून जास्त जण खेड्यातून आलेत. पुढच्या सुट्टीत घरी गेलात की दोन कामं करा. धाकट्या भावंडांनी कुठल्या कोर्सचं पत्रक आणलं असेल, तर त्याची मागची बाजूही वाचून दाखवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला अंगणातल्या एका तरी झाडाबद्दल विचारा. तो कोर्स अजून तरी फुकट आहे, पण शिकवणारे फार दिवस थांबणार नाहीत.