इच्छाशक्तीला दोष नको, आधी चार्जर हलवा

‘डॉक्टर, झोपेची गोळी लिहून द्या.’ समोर पंचेचाळिशीतले गृहस्थ बसले होते. दोन महिने झोप पुरी होत नव्हती. दिवसभर डोकं जड, कामात चुका, घरी चिडचिड. रक्तदाब, साखर, थायरॉइड सगळं ठीक होतं. ‘अंथरुणाला पाठ कधी टेकता?’ मी विचारलं. ‘साडेदहाला.’ त्यावर पत्नी म्हणाल्या, ‘दिवा साडेदहालाच मालवतो, डॉक्टर. पण मोबाइलचा उजेड एक वाजेपर्यंत माझ्या डोळ्यांवर असतो.’ गृहस्थ ओशाळून हसले. ‘कळतं हो, पण सुटत नाही. इच्छाशक्तीच कमी पडते.’

हे शेवटचं वाक्य मी आता वारंवार ऐकतो आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. ‘एकच रील’ म्हणता म्हणता तास उलटतो, तो केवळ मनाच्या कमकुवतपणामुळे नव्हे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकाच्या मध्यास कबुतरांवर प्रयोग केले. बटणावर चोच मारली की दाणा मिळायचा. दाणा ठरावीक वेळा चोच मारल्यावर मिळतो तेव्हा कबूतर एका पद्धतीने वागतं. पण कधी दुसऱ्या, कधी विसाव्या टोच्याला मिळू लागला, तर ते थांबायचं नाव घेत नाही. दाणे बंद झाले तरी बराच वेळ टोचत राहतं. जुगाराच्या यंत्राचं तत्त्व हेच. आपला अंगठाही तेच करतो. नऊ रील रटाळ असतात, दहावी पोट धरून हसवते. ती कधी येईल हे ठाऊक नसतं, म्हणून हात थांबत नाही. मेंदूतलं डोपामाइन मजा मिळाल्यावरच पाझरतं असं नाही. अनपेक्षित लाभाला, तसंच लाभाची चाहूल देणाऱ्या खुणेला ते जोरदार प्रतिसाद देतं. मोबाइलवरची नुसती ‘टिंग’ म्हणूनच पुरेशी होते. वर्तमानपत्राचं पान निदान संपतं तरी. समाजमाध्यमांच्या पडद्याला तळच ठेवलेला नाही.

याची किंमत आपण रोजच्या जगण्यातून मोजतो. पहिली जाते ती झोप. पडद्याचा प्रकाश झोपेची चाहूल देणाऱ्या मेलॅटोनिनला मागे ढकलतो, हे खरं आहे. पण त्याहून मोठं नुकसान सरळ हिशेबाचं आहे: जो वेळ झोपेचा होता तो पडद्याने घेतला आणि भांडणं, अपघात, दुसऱ्यांच्या परदेशवाऱ्या पाहून मन जागं राहिलं. दुसरं जातं लक्ष. हिशेब करताना मध्येच मोबाइल पाहिला, तर मन मूळ जागी परतायला वेळ घेतं आणि तेवढ्यात आकडा चुकतो. तिसरं नुकसान कुठल्याच तपासणीत दिसत नाही. पूर्वी जेवता जेवता मुलगी शाळेतलं काहीतरी सांगायची. आता ती ‘बाबा’ म्हणते, बाबा ‘हं’ म्हणतात, आणि तिसऱ्या ‘हं’नंतर ती सांगणंच सोडून देते.

समाजमाध्यमं वापरणारा प्रत्येक जण आजारी आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत गेमिंगच्या विकाराला जागा दिली आहे. समाजमाध्यमांच्या अतिवापराला तशी वेगळी जागा नाही. या माध्यमांचे फायदेही आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेत अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला. काही जणांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. त्यांचा दिवसाचा सरासरी तासभर वाचला, घरच्यांशी आणि मित्रांशी भेटीगाठी वाढल्या, मन थोडं अधिक समाधानी झालं. मात्र चालू घडामोडींची माहितीही कमी झाली. माझ्या मते, जे मिळालं ते गमावल्याहून अधिक मोलाचं होतं.

मग उपाय काय? एकट्याने मनाशी कुस्ती खेळणं हा नक्कीच नव्हे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो, की मोबाइल आणि टीव्ही बंद. दीड तासाने दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. करोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी हाती आलेले मोबाइल मुलांच्या हातून सुटेनात, म्हणून गावाने हा नियम केला. त्यातलं शहाणपण भोंग्यात नाही, ‘सगळ्यांनी’ या शब्दात आहे. शेजारीही बंद ठेवतो तेव्हा आपलं काही हुकत नाही. आणि बाप रील पाहत असताना मुलाला ‘पुस्तक घे’ सांगण्याची नामुष्की टळते.

प्रत्येक गावात भोंगा बसणार नाही, पण घराचा नियम करता येतो. चार्जर झोपण्याच्या खोलीतून बाहेर काढा आणि गजराचं साधं घड्याळ आणा. फोन आणि कामाचे निरोप सोडून बाकीच्या सूचना बंद करा. ताटावर मोबाइल नको, हा नियम आजोबांपासून नातवापर्यंत सारखा ठेवा. एवढं करूनही झोप, काम किंवा नाती ढासळतच असतील, तर मदत घ्यायला संकोचू नका. बेंगळूरुच्या ‘निमहान्स’मध्ये अशा तक्रारींसाठी २०१४ पासून स्वतंत्र क्लिनिक आहे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध आहे. पुष्कळदा अतिवापराच्या आड नैराश्य किंवा एकटेपणा दडलेला असतो. तिथे उपचार त्याचे करावे लागतात.

त्या गृहस्थांना मी गोळी लिहून दिली नाही. चार्जर स्वयंपाकघरात न्यायला सांगितलं. महिन्याने ते आले. ‘सुटला का मोबाइल?’ मी विचारलं. ‘नाही हो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत अजून तासभर जातो. पण रात्री झोप लागते.’ पत्नी शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, ‘आणि परवा झोपायच्या आधी अर्धा तास भांडलो आम्ही. बऱ्याच दिवसांनी!’ मला ही प्रगती वाटली.