सोबत्याचा खाडाही हिशेबात धरा

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, गुजरात राज्य
मा. आयुक्त, सुरत महानगरपालिका



मी कोसाड आवासात राहतो आणि लूमवर काम करतो. आमचं मूळ गाव अमळनेरकडचं. वडिलांनी, म्हणजे आबांनीही उमेदीची सगळी वर्षं सुरतेच्या लूमवरच काढली. सत्तरीनंतर त्यांच्या अंगावर निळे डाग उठू लागले, दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. बोनमॅरोची तपासणी झाली आणि रक्ताचा कॅन्सर निघाला: अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया.

दवाखान्याच्या बिलासाठी सरकारने हात दिला, हे आधीच सांगतो. आयुष्मान कार्डाची मर्यादा गुजरातने 2023 मध्ये 10 लाखांवर नेली. ऑक्टोबर 2024 पासून तर सत्तरीपुढच्या माणसाला उत्पन्न न विचारता कार्ड मिळतं. माझं मागणं त्या कार्डात न मावणाऱ्या खर्चाबद्दल आहे.

म्हाताऱ्या शरीराला जोरदार किमो झेपत नाही. म्हणून आबांना अ‍ॅझासायटिडीनची इंजेक्शनं सुरू झाली. सलग 7 दिवस घ्यायची आणि 28 दिवसांनी पुन्हा तेच चक्र. मधल्या दिवसांत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी. पेशी घसरल्या की रक्त चढवायचं, नाहीतर प्लेटलेट. प्लेटलेट जेमतेम 5 दिवस टिकतात, त्यामुळे ऐनवेळी रक्तदात्यासाठी धावाधाव ठरलेली. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप आला तर सकाळची वाट बघायची सोय नसते, त्याच रात्री दवाखाना गाठावा लागतो.

यातलं एकही काम आबा एकट्याने करू शकत नाहीत. तापीवरच्या अमरोलीच्या पुलावरून रिक्षा जाते तेव्हा माझ्या एका हातात त्यांचा दंड असतो, दुसऱ्या हातात फाइलची पिशवी, आणि खिशात कारखान्यातल्या मास्टरचा फोन वाजत असतो. आमची मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर. मी नसलो की माझ्या लूमवर दुसरा कारीगर बसतो. खाडे वाढले तर तो तिथेच राहतो. घरात कमावणारा मी एकटा. मी खाडा केला तर चूल अडते, नाही केला तर इंजेक्शन चुकतं.

सोबत्याचा विचार सरकारदरबारी अगदीच होत नाही असं नाही. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाबरोबर रेल्वे त्याच्या सोबत्यालाही भाड्यात सवलत देते. केरळ सरकारची आश्वासकिरणम योजना अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला दरमहा मदत देते. पैसे थेट खात्यात देणंही नवं नाही: टीबीच्या रुग्णाच्या खात्यात पोषणाचे पैसे 2018 पासून जमा होतात. कामगार विम्याचा, म्हणजे ईएसआयसीचा, आजारपणाचा भत्ता मात्र कामगार स्वतः आजारी पडला तरच मिळतो, आईबापांच्या आजारपणासाठी नाही. आणि माझ्यासारख्या कितीतरी लूम कारीगरांची तिथे नोंदच नसते.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत.

पहिली राज्य सरकारकडे. आयुष्मानखाली कॅन्सरचा उपचार घेणाऱ्या वृद्ध रुग्णाच्या एका सोबत्याला, उपचाराच्या प्रत्येक दिवसासाठी, किमान वेतनाइतका भत्ता द्या. रुग्णाच्या हजेरीची नोंद दवाखान्यात होतेच. तिच्या आधारावर पैसे खात्यात जमा करता येतील.

दुसरी महापालिकेकडे. मधल्या दिवसांतली सीबीसी कोसाडमध्येच, पाळीला जाण्याआधी करता येईल आणि रिपोर्ट त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मिळेल, अशी सोय करा. निदान तेवढ्यासाठी तरी तापी ओलांडावी लागणार नाही आणि खाडे कमी होतील.

हा खर्च वायफळ वाटू देऊ नका. सोबतीला माणूस नाही म्हणून चक्र अर्ध्यावर सुटलं, तर आधीच्या इंजेक्शनांवर सरकारने भरलेला पैसाही पाण्यात जातो. रुग्णावर लाखो रुपये खर्चायची तयारी तुम्ही दाखवली आहे. त्याला वेळेवर दवाखान्यात पोहोचवणाऱ्याची दिवसाची मजुरी त्यात धरली, तर तो पैसा कारणी लागेल.

आपला,
कोसाड आवासातील एक लूम कारीगर