फोटो हरवले की त्यांचा हिशेब हरवला?

कापडाच्या धंद्यात नमुना ही पहिली गोष्ट. थान नंतर उघडते, भाव नंतर ठरतो, आधी गिऱ्हाईक नमुना मागते. आमच्या अब्बांच्या काळी पिंपरीच्या दुकानात जाड पुठ्ठ्याच्या वह्या असत. प्रत्येक पानावर कापडाची कतरण चिकटवलेली असे आणि तिच्याखाली गिरणीचे नाव, शेड नंबर, तारीख व पार्टीचे नाव उर्दूत लिहिलेले असे. पुढे 2009 च्या सुमारास चाकणला मोठे मोटार कारखाने सुरू झाले. त्यांच्यामागोमाग सुटे भाग पुरविणारे लहान कारखाने आले व कामगारांच्या गणवेशाच्या कापडाला मागणी वाढली. खरेदी खात्यातले साहेब लोक कतरण नको, फोटो पाठवा म्हणू लागले. तेव्हापासून आमच्या वह्या बंद पडल्या आणि नमुने फोटो होऊन संगणकात जाऊ लागले.

मध्यंतरी चाकणच्या एका जुन्या पार्टीने 2019 चा माल पुन्हा मागितला. कापड तेच, शेड तीच, खिशावरचे भरतकामही तेच हवे होते. त्यांना दोन दिवसांत फोटो हवे होते. आम्ही संगणक लावला, तर फोटोंच्या यादीतून 2017 ते 2020 ही वर्षेच नाहीशी झालेली! भाचा म्हणाला, "मामू, सगळं उडालं." दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावले. त्याने पाच मिनिटे बटणे दाबली व सांगितले, "चाचा, व्हायरस आहे. फॉरमॅट मारावं लागेल."

आम्ही जवळजवळ होकार दिला होता. संगणकासमोर बसल्यावर आपल्यासारख्या माणसाला आपण अडाणी आहोत असे वाटू लागते आणि समोरचा पोरगा सांगेल ते खरे वाटते. पण व्यापाऱ्याच्या सवयीने एक प्रश्न तोंडातून निघाला, "फॉरमॅट केल्यावर फोटो परत येतील का?" मुलगा गप्प राहिला. मग आम्ही त्याला चहा पाजून परत पाठविले.

हा लेख त्या प्रश्नासाठी लिहीत आहोत. कारण यादीतून गेलेले ते फोटो दुसऱ्या दिवशी जागच्या जागी सापडले. आणि जे फोटो खरोखर गेले होते, ते आमच्याच चुकीने गेले होते.

खतावणी वेगळी, गोदाम वेगळे

फोटो दाखविणारा कार्यक्रम म्हणजे गोदाम नव्हे, ती खतावणी आहे. ही एक गोष्ट समजली की निम्मी घबराट जाते. आमच्याकडे गूगलचा पिकासा हा कार्यक्रम होता. गूगलने मार्च 2016 मध्ये त्याची देखभाल थांबविली, पण संगणकात बसविलेला पिकासा चालतच राहिला, म्हणून आम्हीही तो बदलला नाही. असा कार्यक्रम फोटो स्वतःजवळ ठेवीत नाही. अमुक फोटो अमुक डिस्कवर, अमुक फोल्डरमध्ये आहे एवढीच नोंद तो ठेवतो आणि ओळखीसाठी एक लहान चित्र बनवितो. आजच्या बऱ्याच कार्यक्रमांची रीत हीच आहे.

आमची जुनी वर्षे बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर होती. संगणक अशा डिस्कला एक अक्षर देतो. आमच्या डिस्कचे अक्षर ई होते. भाच्याने एक दिवस आधी पेन ड्राइव्ह लावला, त्याने ई अक्षर घेतले आणि मागून लावलेल्या डिस्कला एफ मिळाले. खतावणीत पत्ता ई चा, माल एफ मध्ये. मुनीमाने जुन्या पत्त्यावर माणूस पाठविला, तिथे कुलूप दिसले आणि त्याने माल गेला म्हणून वहीत लिहून टाकले, तसा हा प्रकार. डिस्कला जुने अक्षर परत दिले आणि चारही वर्षे परत आली. संगणक जाणणारा ओळखीचा माणूस हे काम दहा मिनिटांत करतो. त्या दिवशी फॉरमॅट केले असते आणि डिस्क जोडलेली राहिली असती, तर पुढचे बोलायला नको.

आणखी कुठे कुठे पाहावे

यानंतर आम्ही स्वतः बसून बाकीच्या फोटोंचा शोध घेतला. जे सापडले ते व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पेन ड्राइव्हवर फोल्डर रिकामे दिसते, पण जागा मात्र भरलेली दाखविते. हा एका जुन्या व्हायरसचा खेळ आहे. तो फाइली पुसत नाही, लपवितो आणि त्यांच्या जागी बनावट खुणा ठेवतो. त्या खुणांवर बोट दाबू नये. लपलेल्या फाइली दाखविण्याची सोय विंडोजमध्ये आहे. मात्र हा व्हायरस कधी कधी फाइलींवर संगणकाच्या खास फाइलींचा शिक्का मारतो, मग तो शिक्का काढावा लागतो. आधी जाणत्याकडून व्हायरस काढवून मग हे करावे.

काही फोटो भलत्याच वर्षात जाऊन बसतात. कार्यक्रम फोटो तारखेने लावतो. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकले असेल तर आजचा फोटो दहा वर्षे मागे जातो. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो पाठविला की त्याच्या पोटातली मूळ तारीख निघून जाते आणि तो आला त्या दिवसाखाली दिसतो. शिवाय तो आकाराने बारीक होतो. म्हणून नमुन्याचा फोटो नेहमी डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. तारीख राहते आणि विणही स्पष्ट दिसते.

आयफोनने काढलेले फोटो 2017 पासून एका नव्या प्रकारात साठविले जातात. जुना संगणक तो प्रकार ओळखत नाही, मग फोटो असूनही दिसत नाही.

आणि एक दोष केवळ आमच्यासारख्यांचा आहे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, म्हणून आम्ही पार्टीचे नाव उर्दूत लिहून फोल्डर केले. दुकानातल्या मराठी मुलाने त्याच पार्टीचे दुसरे फोल्डर मराठीत केले. भाच्याने तिसरे इंग्रजीत केले. एका नावाने शोधले की बाकीची दोन निघत नाहीत! आता आम्ही ठराव केला आहे. पार्टीचा खाते नंबर, मग वर्ष, मग शेड नंबर, सगळे आकड्यांत. आकडे सर्वांना वाचता येतात.

जे खरोखर गेले

इथवरचे वाचून कोणी म्हणेल, मग नुकसान काय झाले? सांगतो.

खिशावरचे भरतकाम व लग्नाच्या कपड्यांवरचे जरदोजीचे काम आमच्यासाठी एक जुने कारागीर करीत. त्यांचे खाके, म्हणजे ज्या कागदाला सुईने टोचून नक्षी कापडावर उतरवितात ते कागद, फार वर्षांचे होते. काही त्यांच्या उस्तादांकडून आलेले होते. कागद विरत चालले म्हणून आम्ही 2018 मध्ये त्या सर्वांचे फोटो दुकानाच्या मोबाइलवर काढले. मनात हेतू चांगला होता. 2021 मध्ये ते अल्लाला प्यारे झाले. त्यांचे घर भाड्याचे, सामान हलविताना कागद गेले. गेल्या वर्षी त्यांचा मुलगा दुकानात आला. म्हणाला, "चाचा, अब्बूंचं काम पुन्हा सुरू करायचंय. खाके तुमच्याकडे आहेत ना?"

आम्ही छाती ठोकून हो म्हटले आणि फोटो शोधू लागलो. ते कुठेच नव्हते. मोबाइलची जागा भरली म्हणून भाच्याने काही महिन्यांपूर्वी जुने फोटो पुसले होते. इंटरनेटवर सर्व सुरक्षित आहे असे त्याला वाटले. पण मोबाइल आणि इंटरनेटवरचा साठा जोडलेला असेल तर ती दुसरी प्रत नसते, तो आरसा असतो. इथे पुसले की तिथेही पुसले जाते. गूगल फोटोजमध्ये पुसलेला फोटो कचरापेटीत 60 दिवस राहतो, मग जातो. आमचे 60 दिवस केव्हाच उलटले होते. शिवाय 1 जून 2021 पासून गूगलने अमर्याद फुकट जागा बंद केली आहे. पत्रे, फाइली व फोटो मिळून 15 जीबी. ती भरली की नवे फोटो वर चढणेच थांबते आणि दुकानाच्या गडबडीत ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

दोन-चार गिऱ्हाइकांकडे व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेले बारीक फोटो मिळाले. त्यांच्यावरून नक्षीची कल्पना येते, पण टोचायचा खाका उतरत नाही. मुलाला ते देताना आमची मान खाली गेली.

दोष कोणाचा?

भाच्यावर खापर फोडणे सोपे आहे. पण खतावणी आम्ही कधी कोणाच्या हाती दिली होती काय? रोकड रोज रात्री स्वतः मोजतो. मग नमुन्यांचा हिशेब पोरांवर का सोडला? संगणकाचे काम ते पोरांचे काम, ही आमच्या वयाच्या व्यापाऱ्यांची समजूत महाग पडते. बटणे त्यांनी दाबावीत, पण माल कुठे आहे हे मालकाला ठाऊक पाहिजे.

आणि याहून मोठा दोष आम्हाला स्वतःशी कबूल करावा लागला. ते खाके आमचे नव्हते. कारागिराची ती मिळकत होती, आमच्याकडे ती अमानत होती. फोटो काढले त्याच दिवशी एक पेन ड्राइव्ह भरून त्यांच्या घरी दिला असता तर कारागिराचा हक्कही राहिला असता आणि मालही वाचला असता. आम्ही ते केले नाही. खरे बोलायचे तर, नक्षी आमच्याजवळ असली की कारागीर दुसऱ्या दुकानात जाणार नाही, असा विचार व्यापाऱ्याच्या मनात असतोच. आमच्याही होता.

संगणक जाणणारे लोक सांगतात की महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुकानाबाहेर असावी. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी हा नियम प्रसिद्ध केला. आपल्या भागाला तो चांगलाच लागू आहे. जुलै 2024 मध्ये पवनेचे पाणी सखल वस्त्यांत शिरले. कुदळवाडीत भंगाराच्या गोदामांना आगी लागल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचल्या आहेत. एकाच छताखालच्या दहा प्रतीही एका रात्रीत जाऊ शकतात. मग बाहेरची प्रत कारागिराच्या घरीच का नसावी?

व्यापारी बंधूंना आमची विनंती एवढीच. फोटो दिसेनासे झाले तर आधी हात थांबवा. त्या डिस्कवर नवीन काही भरू नका, कारण पुसलेली फाइल तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत काही वेळा परत मिळू शकते. नव्या प्रकारच्या एसएसडी डिस्कमध्ये तर ही संधी फारच थोडी असते. मग डिस्कचे अक्षर, लपलेल्या फाइली, कचरापेटी आणि तारखा या क्रमाने पाहा. फॉरमॅटला होकार देण्याआधी आमचा तो प्रश्न विचारा.

कारागीर बंधूंनाही एक सांगणे आहे. दुकानदाराने तुमच्या नक्षीचा फोटो काढला तर प्रत मागून घ्या. मागण्यात कमीपणा नाही. चांगला दुकानदार देईल, आणि जो देणार नाही त्याच्याबद्दल तुम्हाला काय ते समजेल.

2011 पासून जगभर 31 मार्च हा दिवस फोटो व फाइलींच्या दुसऱ्या प्रती काढण्याची आठवण म्हणून पाळतात. आपल्याकडे त्याच दिवशी हिशेबाचे वर्ष संपते. यंदा आम्ही त्या दिवशी रोकड आणि माल यांच्याबरोबर फोटोही मोजले. प्रत्येक कारागिराला त्याच्या नक्षींचा पेन ड्राइव्ह पाठविला. त्या मुलालाही पाठविला, त्यात ते थोडे बारीक फोटो होते. तो आता त्यांच्यावरून अंदाजाने नवे खाके काढीत आहे. पहिला खाका त्याने आणून दाखविला तेव्हा आम्ही त्याचा फोटो काढला आणि त्याच्यासमोरच एक प्रत त्याच्या मोबाइलवर पाठविली, डॉक्युमेंट म्हणून.