आधी टेप, मग माउस

दिवाळीच्या आवराआवरीत घरोघर एक परीक्षा होते. पण तिला परीक्षा असे कुणी म्हणत नाही. भिंतीला खेटलेले कपाट झाडण्यासाठी पुढे ओढायचे असते, आणि ते ओढता येत नाही, कारण पुढची जागा पलंगाने खाल्लेली असते. फराळाला ओळीने पाट मांडायचे असतात, तो सहाव्या पाटाला सोफ्याचा पाय आडवा येतो. माळा ऐसपैस असतो, पण त्याच्याखाली शिडी उघडत नाही. घर आखणारा या परीक्षेत नापास होतो आणि शिक्षा भोगते ती घरची बाई!

ही घरे आखणारी नवी पिढी कशी शिकते, ते मी वीसएक वर्षे जवळून पाहत आलो आहे. माझे अर्धे आयुष्य ड्रॉइंग बोर्डावर गेले, उरलेले संगणकापुढे चालले आहे. तेव्हा गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. आपण या मुलांना घर आखायला शिकवीत नाही. घराचे चित्र काढायला शिकवतो. पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला मुलगा ऑटोकॅडपुढे बसतो. लाइन, ऑफसेट, ट्रिम शिकतो. मग तयार पलंग-सोफ्यांचे ब्लॉक उचलून खोलीत टाकतो. पुढे स्केचअपमध्ये भिंती उभ्या करतो आणि तिसऱ्या महिन्यात एक चकचकीत रेंडर व एक प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो. त्याला विचारा, “बाबा रे, तुझ्या आईच्या स्वयंपाकाच्या ओट्याची उंची किती?” तो हसतो. ज्या ओट्यावर त्याच्या पोळ्या लाटल्या जातात, त्याला त्याने कधी टेप लावलेली नसते!

आता मला कुणी संगणकाचा वैरी ठरवू नये. टी-स्क्वेअरसाठी गळा काढणाऱ्यांतला मी नव्हे. ट्रेसिंगवरची चुकलेली शाई ब्लेडने खरवडता खरवडता कागदाला पडणारे भोक आणि अमोनिया प्रिंटचा तो डोळ्यांत पाणी आणणारा वास, हे गेले ते उत्तम झाले. १९६३ साली एमआयटीत इव्हान सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ दाखवले, तेव्हाच पडद्यावरच्या दोन रेघांना समांतर राहा म्हटले की त्या समांतर राहत होत्या. १९८२ साली ऑटोकॅड आले आणि ही विद्या साध्या टेबलावर आली. यंत्र हुशार आहे, आज्ञाधारक आहे. माझे भांडण क्रमाशी आहे.

कारण पडद्याला माप नसते. कागदावर एकास पन्नासने काढताना एक फूट म्हणजे सहा मिलिमीटर, हे बोटांना पाठ होई. संगणकात सगळे पूर्ण मापातच काढतात, हे मला ठाऊक आहे. पण माउसचे चाक फिरवले की तीच खोली पडदाभर होते आणि उलट फिरवले की टिकलीएवढी. ज्याने आधी टेप धरून दोन फूट आपल्या गुडघ्याने आणि कोपराने ओळखले आहेत, त्याला पडद्यावरचा आकडा बोलतो. इतरांना तो नुसता दिसतो.

उदाहरणच घ्या. दहा बाय दहाची खोली. तिच्यात सहा बाय साडेसहा फुटांचा पलंग, डोके भिंतीला. पायथ्याशी उरले साडेतीन फूट. तिथे दोन फूट खोलीचे कपाट ठेवले, की उरला दीड फूट. आता कपाटाचे दार उघडायचे, आणि उघडणाऱ्याने उभेही राहायचे! पडद्यावर मात्र सारे आलबेल. कारण तिथे कपाट म्हणजे एक चौकोन, तो कधी उघडतच नाही. हे प्रथम कळते सुताराला, आणि तेही प्लायवूड कापून झाल्यावर.

रेंडरची लबाडी तर त्याहून मोठी. ज्या चित्राला भुलून घरमालक आगाऊ रक्कम देतो, त्यात कॅमेरा बहुधा खोलीत नसतोच. समोरची भिंत काढून टाकून तो बाहेर हवेत उभा केलेला असतो आणि त्याला रुंद कोनाची भिंग लावलेली असते. त्या जागी उभे राहायचे तर घरमालकाला चौथ्या मजल्यावर खिडकीबाहेर लोंबकळावे लागेल!

कुणी म्हणेल, आखणाऱ्याला काय स्वयंपाक यायला हवा? मुळीच नको. १९२६ साली मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुकार बाईंनी फ्रांकफुर्टच्या कामगार वस्तीसाठी स्वयंपाकघर आखले; साधारण सव्वासहा फूट बाय अकरा फूट. साऱ्या आधुनिक स्वयंपाकघरांचे मूळ तिथे सापडते. आपण तोवर कधी स्वयंपाक केला नव्हता, असे त्या स्वतःच सांगत. पण बाईंनी आगगाडीच्या डायनिंग कारमधल्या चिंचोळ्या मुदपाकखान्याकडे नीट पाहिले होते, आणि कामाला लागणारी पावले व वेळ यांचे हिशेब विचारात घेतले होते. स्वयंपाक न येणे क्षम्य आहे. न पाहणे क्षम्य नाही. आमची मुले युरोपातला नव्वद सेंटिमीटरचा ओटा जसाच्या तसा उचलतात. पाच फूट उंचीच्या बाईला त्यावर पोळी लाटताना खांदे वर ओढून धरावे लागतात, कारण लाटण्याला जोर वरून द्यायचा असतो. बरे, आपल्याकडे मापे नाहीत असेही नाही. अहमदाबादच्या एनआयडीने १९९७ सालीच भारतीय शरीरमापांचा देबकुमार चक्रवर्ती यांचा ग्रंथ छापला आहे. तो उघडतो कोण?

आणि ब्लॉकच्या त्या भांडारात ग्रँड पियानो मिळतो. गुंडाळून ठेवलेली गादी मला अजून मिळायची आहे. मुंबईच्या बीडीडी चाळींत एकशेसाठ चौरस फुटांत पिढ्या नांदल्या. रात्रीचे शयनगृह सकाळी तिथे भोजनगृह होई आणि दुपारी अभ्यासिका. पुनर्विकासात त्याच कुटुंबांना आता पाचशे चौरस फूट मिळत आहेत. जागेची किंमत अंगाने जाणणाऱ्या या माणसांच्या घरात तीन महिन्यांचा पदवीधर जाणार आणि आल्याबरोबर एल आकाराचा सोफा टाकणार!

म्हणून माझी मागणी साधी आहे. पहिला महिना संगणक बंद. मुलांनी स्वतःचे घर मोजावे. आजी खाली बसून उठते तेव्हा हात कुठे टेकते, तेही मोजावे. मग आखलेली खोली गच्चीवर खडूने पूर्ण मापात काढावी आणि तिच्यात वावरावे. दोघांनी सतरंजी अंथरावी, तिसऱ्याने पाण्याची बादली घेऊन मधून जावे. मी हे मुलांकडून करून घेतो. पंधरा मिनिटांत रेघा पुसायला सुरुवात होते, आणि कुणी सांगावे लागत नाही.

याला लागते काय? एक टेप आणि खडूची पेटी. तेव्हा पालकहो, दिवाळीनंतर मुलामुलींना अशा वर्गात घालणार असाल, तर फी भरण्यापूर्वी चालकांना एवढेच विचारा : तुमच्याकडे टेप आहे का? “ती सॉफ्टवेअरमध्येच असते,” असे उत्तर आले, आणि मला एका ठिकाणी ते अक्षरशः असेच मिळाले आहे, तर पैसे खिशात ठेवून घरी या.