सागरसत्तेचा विसर

सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगालची लोकसंख्या जेमतेम दहा-पंधरा लाखांच्या घरात होती. एवढासा देश गोव्याच्या भूमीवर 451 वर्षे पाय रोवून कसा राहिला? आमच्यातील फूट, हे याचे नेहमीचे उत्तर. ते खरे आहे; पण पुरते नाही.

1498 साली वास्को द गामा कालिकतला पोचला, तेव्हा अरबी समुद्र व्यापाऱ्यांचा होता. त्यावर कोणा एका राजसत्तेचा अंमल नव्हता. पोर्तुगीजांनी हेच हेरले. 1509 मध्ये दीवच्या लढाईत प्रतिस्पर्धी आरमारे मोडून त्यांनी 1510 मध्ये गोवा, 1511 मध्ये मलाक्का व 1515 मध्ये होर्मुझ घेतले. समुद्राचे नाके हाती येताच त्यांचा 'कार्ताझ' हा परवाना नसलेली जहाजे जप्त होऊ लागली. 1570-71 मध्ये विजापूरच्या प्रचंड सैन्याने गोव्याला वेढा घातला, तोही निष्फळ ठरला. कारण समुद्राची वाट शत्रूला मोकळीच होती.

हे मर्म शिवछत्रपतींनी ओळखले आणि 1664 मध्ये मालवणला सिंधुदुर्गाचा पाया घातला. 1721 साली इंग्रज व पोर्तुगीज एक होऊन कुलाब्यावर चालून आले, तेव्हा कान्होजी आंग्र्यांपुढे त्यांचे काही चालले नाही. परंतु 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या वैरापायी पेशव्यांनी इंग्रजांनाच हाताशी धरले आणि विजयदुर्गाच्या आश्रयाला असलेले आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. त्या मोहिमेतील वॉटसन व क्लाइव्ह यांनीच पुढल्या वर्षी बंगालमध्ये इंग्रजी सत्तेचा पाया घातला. घरचा सरदार नमला. समुद्र मात्र कायमचा गेला.

1961 च्या डिसेंबरात भारतीय नौदलाने मुरगाव बंदरात पोर्तुगीजांची युद्धनौका निकामी केली. तिचे नाव 'आफोंसो द आल्बुकेर्क' होते! गोवा जिंकणाऱ्याच्या नावाची नौका गोव्याच्याच पाण्यात हतबल व्हावी, हा काळाचा न्यायच म्हणावा लागेल.

परवाने लादून दुसऱ्यांना लुबाडणारी सागरसत्ता आम्हांला नको. पण समुद्राकडे केवळ पर्यटकाच्या नजरेने पाहण्याची जी सवय आम्हांला जडत आहे, तीही घातक आहे. किनाऱ्यावरच्या मुलाला गलबत बांधणाऱ्याचे, ते हाकारणाऱ्याचे आणि समुद्र राखणाऱ्याचे मोल शाळेतच कळले पाहिजे. समुद्राकडे पाठ फिरविणाऱ्यांच्या दारी परके कसे येतात, हे गोमंतकाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?